हवाईयन भाषा

हवाईयन भाषा : उत्तर पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांची मूळ भाषा. तिचे भाषिक तिला ’ओऽलेलो हावाइ’इ (हवाईची वाणी) म्हणतात. ऑस्ट्रोनेशियन (जुन्या ग्रंथांत मलायो-पॉलिनीशियन) भाषाकुलाच्या ओशॅनिक शाखेतील पॉलिनीशियन गटात ती मोडते. अमेरिकेच्या हवाई राज्यात १९७८ पासून इंग्रजीबरोबरच तिला राज्यभाषेचे स्थान आहे. जगातील अत्यंत थोड्या ध्वनींवर चालणाऱ्या भाषांत तिची गणना होते. ध्वनी थोडे असल्यामुळे त्यांतील प्रत्येक भेदावर अर्थाचा मोठा भार पडतो. परंतु एकोणिसाव्या शतकात तिच्यासाठी जी लिपी तयार झाली, तीत असे दोन भेद लिहिण्याची सोय नव्हती. भाषा सर्वत्र बोलली जात होती तोवर ही उणीव कोणाला जाणवली नाही. बोलणाऱ्यांची परंपरा तुटल्यावर मात्र ती फार मोठी ठरली.

हवाईयनसाठी रोमन लिपी वापरतात. या नोंदीत तिचे शब्द देवनागरीत देताना ह्रस्व आ हा स्वर साध्या काऱ्याऐवजी सर्वत्र कान्याने दाखविला आहे. आ, ए, ओ या स्वरांचे दीर्घत्व अवग्रहाने (ऽ) व इ, उ यांचे ई, ऊ या अक्षरांनी दाखविले आहे. कंठद्वारीय स्फोटक (’) या खुणेने दर्शविला असून ती खूण अवतरणचिन्ह नव्हे, तर एका पूर्ण व्यंजनाची जागा घेणारे अक्षर आहे. बेटांचे व व्यक्तींची रूढ नावे मराठीत प्रचलित असलेल्या रूपांतच ठेवली आहेत.

पूर्वपीठिका : ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणारे दर्यावर्दी लोक तैवानहून फिलिपीन्स व इंडोनेशियामार्गे पूर्वेकडे सरकत गेले आणि इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या आरंभी टाँगा व सामोआ या बेटांवर पोहोचले. पॉलिनीशियन भाषांचे वेगळेपण तेथेच घडले. त्यानंतर बराच काळ गेल्यावर त्यांच्या वंशजांनी ताहिती, मार्केझास इ. पूर्वेकडील बेटे वसविली व तेथून इ. स. सु. १०००–१२०० च्या दरम्यान ते हवाईला आले. जवळात जवळची मार्केझास बेटेही हवाईपासून सु. ३,५०० किमी. दूर आहेत. तारे, वारे, लाटांची दिशा आणि पक्ष्यांची उड्डाणे एवढ्याच साधनांनिशी जोडहोड्यांतून हा प्रवास झाला. उत्तरेस हवाई, नैर्ऋत्येस न्यूझीलंड आणि आग्नेयीस ईस्टर बेट (रापा नुई) ही तीन टोके जोडली असता होणाऱ्या प्रचंड त्रिकोणात एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा भाषा बोलल्या जातात. हवाईयनचे सर्वांत निकटचे नाते मार्केझन, ताहितियन व माओरी यांच्याशी आहे. मार्केझनशी ते अधिक जवळचे असल्याचे पूर्वी निश्चितपणे मानले जाई. अलीकडे काही अभ्यासक या उपगटांच्या विभागणीविषयी शंका घेतात.

हे नाते शब्दांतून सहज दिसते. आकाश या अर्थी मलायमध्ये लाङित, मादागास्करच्या मॅलॅगसीत लानित्र, सामोअनमध्ये लाङि, माओरीत राङि, ताहितियनमध्ये रा’इ आणि हवाईयनमध्ये लानि असा शब्द आहे. घराला सामोअन फाले, ताहितियन फारे व हवाईयन हाले म्हणतात. मासा या अर्थाचा मलाय इकान हा शब्द माओरीत इका व हवाईयनमध्ये इ’आ होतो. पाच या संख्येला मलाय व हवाईयन या दोन्ही भाषांत लिमा हाच शब्द आहे. मादागास्करपासून हवाईपर्यंतचे अंतर लक्षात घेता, वसाहतींचा काळ सुरू होण्यापूर्वी एवढा विस्तार लाभलेले दुसरे भाषाकुल नव्हते.

ध्वनिपरिवर्तने : मूळ पॉलिनीशियन भाषेत १३ व्यंजने होती असे तौलनिक अभ्यासावरून ठरते. हवाईयनमध्ये ८ उरली. फ् आणि स् या दोहोंचा ह् झाला, ङ् हा न् मध्ये मिसळला, र् आणि ल् एक झाले. यांपेक्षा महत्त्वाचा बदल क् व त् यांचा आहे. मूळ क् चा कंठद्वारीय स्फोटक झाला : होडी या अर्थाचा माओरी वाका हा शब्द हवाईयनमध्ये वा’आ असा आहे. क् ची जागा अशी रिकामी झाल्यावर त् मागे सरकून तीत बसला. त्यामुळे माओरी ताङाता (मनुष्य) याचे हवाईयन रूप कानाका, माता (डोळा) याचे माका आणि तापु (निषिद्ध) याचे कापु असे होते. यांतील तापु हा शब्द टाँगाच्या भाषेतून इंग्रजीत गेला व तेथून तो जगभर टॅबू या रूपात पसरला.

खुद्द हवाई या नावातही हाच इतिहास साठलेला आहे. माओरी परंपरेत पूर्वजांच्या मूळ भूमीला हावाइकि म्हणतात. सामोआतील सर्वांत मोठ्या बेटाचे नाव सावाइ’इ आहे. ताहितीजवळच्या राइआतेआ बेटाचे जुने नाव हावाइ’इ असे होते. चारही ठिकाणी शब्द एकच. स्थलांतर करणाऱ्यांनी जुन्या भूमीचे नाव नव्या भूमीला दिले आणि प्रत्येक ठिकाणच्या उच्चाराने त्याला आपला आकार दिला.

ध्वनिविचार : हवाईयनमध्ये प्, क्, ’, ह्, म्, न्, ल्, व् ही ८ व्यंजने आणि आ, इ, उ, ए, ओ हे ५ स्वर आहेत. प्रत्येक स्वर ह्रस्व किंवा दीर्घ असतो. महाप्राण नाहीत, घोष स्फोटक नाहीत, मूर्धन्य नाहीत, स-श सारखे घर्षकही नाहीत. मराठी वर्णमालेची सवय असणाऱ्याला हा संसार अगदीच सुटसुटीत वाटेल. दोन व्यंजने कधीही लागून येत नाहीत आणि शब्दाचा किंवा अक्षराचा शेवट नेहमी स्वरानेच होतो. म्हणजे जोडाक्षर नाही व हलन्त शब्दही नाही. व्यंजन असलेली व नसलेली, ह्रस्व व दीर्घ अशी सर्व अक्षरे मोजली, तरी संयुक्त स्वर वगळता त्यांची संख्या नव्वदीपलीकडे जात नाही. बलाघात सामान्यतः उपान्त्य अक्षरावर असतो आणि दीर्घ स्वराचे अक्षर नेहमीच बलयुक्त असते.

परभाषेतून येणाऱ्या शब्दाला या चाळणीतून जावे लागते. मेरी ख्रिसमस या इंग्रजी शुभेच्छेचे हवाईयनमध्ये मेले कालिकिमाका होते. र् नाही म्हणून ल्, स् नाही म्हणून क्, जोडव्यंजन चालत नाही म्हणून मध्ये इ आणि शब्द व्यंजनान्त चालत नाही म्हणून शेवटी आ. मराठी बोलींत स्टेशनचे ठेसन होते, त्याच जातीची ही प्रक्रिया आहे. फक्त ती अधिक दूरवर गेली आहे. जॉर्जचा केओकि व जेम्सचा किमो झाला. पेपा (कागद), लाइकि (तांदूळ), कुला (शाळा) हे शब्द अशाच रीतीने आले व भाषेत मुरले.

व् या व्यंजनाचा उच्चार शेजारच्या स्वराप्रमाणे बदलतो. इ, ए यांच्यानंतर तो दात व ओठ यांनी होतो, तर उ, ओ यांच्यानंतर दोन्ही ओठ गोल होतात. इतरत्र दोन्ही उच्चार चालतात. क् ची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. क् आणि त् हे एकाच व्यंजनाचे दोन उच्चार असून कोणताही केला तरी अर्थ बदलत नाही. वायव्येकडील काउआई व नीहाउ या बेटांवर त् अधिक ऐकू येई, तर दक्षिणेच्या मोठ्या हवाई बेटावर क्. कॅप्टन कुक १७७८ च्या जानेवारीत काउआई बेटावर उतरला, तेव्हा त्याच्या लोकांनी बेटाचे नाव अटूआय असे लिहून घेतले. बेटे एका सत्तेखाली आणणाऱ्या पहिल्या कामेहामेहा राजाचे नावही सुरुवातीच्या युरोपीय नोंदींत टकारानेच सुरू होते. हवाईचे नाव या दर्यावर्द्यांनी ओव्हायही असे लिहिले. त्यातील आरंभीचा ओ हा नावाचा भाग नसून विशेषनामापूर्वी येणारा ’ओ हा व्याकरणिक शब्द आहे. कुकच्या मोहिमेतील शल्यवैद्य विल्यम अँडरसन याने त्या वेळी एक शब्दसूची केली आणि ही भाषा ताहितीच्या भाषेची जवळची नातलग आहे, हे त्या मोहिमेतच लक्षात आले.

आता उरलेले दोन भेद. पहिला कंठद्वारीय स्फोटकाचा. घशातील स्वरतंतू क्षणभर मिटून एकदम उघडले असता हा ध्वनी होतो. दोन स्वरांमध्ये आला, की बोलण्यात एक झटका किंवा खंड पडल्यासारखा वाटतो. परक्या कानाला तो ध्वनी न वाटता ध्वनीचा अभाव वाटतो. हवाईयनमध्ये मात्र तो क् किंवा प् इतकाच खरा आहे. काइ म्हणजे समुद्र, का’इ म्हणजे नेणे किंवा मार्गदर्शन करणे. दुसरा भेद स्वरांच्या ह्रस्व-दीर्घत्वाचा. मराठीत दिन व दीन किंवा सुत व सूत या तत्सम शब्दांत तो अर्थभेदक ठरतो. हवाईयनमध्ये तो भाषेच्या अंगोपांगी आहे. ’आऽइना म्हणजे भूमी व ’आइना म्हणजे जेवण. दोन्ही भेद एकत्र आले म्हणजे पुढील चौकडी तयार होते : पाउ (संपलेले), पा’उ (काजळी), पा’ऊ (दमट), पाऽ’ऊ (स्त्रियांचे कमरेभोवती गुंडाळण्याचे वस्त्र).

हे केवळ कोशातील शब्दांपुरते नाही. कोउ म्हणजे तुझा व को’उ म्हणजे माझा. त्याचप्रमाणे काऽउ म्हणजे तुझा व का’उ म्हणजे माझा. तुझे आणि माझे यांतील सर्व अंतर घशातील एका झटक्यावर किंवा एका मात्रेवर उभे आहे. मनुष्यवाचक काही नामांचे अनेकवचनही केवळ पहिला स्वर दीर्घ करून होते : कानाका (मनुष्य), काऽनाका (माणसे), वाहिने (स्त्री), वाऽहिने (स्त्रिया), कुपुना (आजा किंवा आजी, पूर्वज), कूपुना (पूर्वज, अनेकवचनी).

लिपी व लेखन : हवाई बेटांवर लिपी नव्हती. न्यू इंग्लंडमध्ये शिक्षण घेत असलेल्या ओपुकाहाइआ या हवाईयन तरुणाने आपल्या भाषेचा कोश व व्याकरण रचण्यास प्रारंभ केला होता; परंतु १८१८ मध्ये तो तेथेच मरण पावला. १८२० मध्ये हायरम बिंगम व त्याचे सहकारी हे अमेरिकन मिशनरी थॅडियस या जहाजाने बॉस्टनहून येऊन पोहोचले. १८२२ च्या जानेवारीत होनोलूलू येथे हवाईयनमधील पहिले मुद्रण झाले. त्याच वर्षी ताहितीत काम केलेला ब्रिटिश मिशनरी विल्यम एलिस तेथे आला व ताहितियनच्या ज्ञानामुळे थोड्याच अवधीत हवाईयन बोलू लागला. स्वरांना इटालियनप्रमाणे प्रत्येकी एकच मूल्य द्यावे, हे जॉन पिकरिंग याने १८२० मध्ये अमेरिकन इंडियन भाषांसाठी मांडलेले तत्त्व मिशनऱ्यांनी स्वीकारले होते. त्यामुळे इंग्रजी वर्णलेखनातील गोंधळापासून ही भाषा वाचली.

व्यंजनांची अडचण मात्र राहिली. एकच नाव कोणी लिहोलिहो तर कोणी रिहोरिहो लिही. होनोलूलूचे होनोरुरु होई. ब की प, ड की ल, र की ल, ट की क, याचा निर्णय कानाने होईना, कारण बोलणाऱ्यांना हा भेद मुळी जाणवतच नव्हता. अखेरीस १८२६ मध्ये मिशनऱ्यांनी आपसांत मते घेऊन ब, ड, र, ट आणि दंतोष्ठ्य व यांची रोमन अक्षरे काढून टाकली व ५ स्वर आणि ७ व्यंजने अशी १२ अक्षरांची वर्णमाला निश्चित केली. अक्षरांचा निर्णय मतदानाने व्हावा, याची पुढे पुष्कळदा थट्टा झाली. ती अन्यायाची आहे. अर्थभेद न करणाऱ्या उच्चारांना स्वतंत्र अक्षर नको, हे आधुनिक भाषाविज्ञानातील स्वनिमाचे तत्त्व त्या संज्ञेच्या कितीतरी आधी त्यांनी व्यवहारात आणले होते. शिकण्यास सोप्या अशा या लिपीमुळे एका पिढीत बहुसंख्य प्रौढ लोक वाचू लागले.

त्याच तत्त्वाची दुसरी बाजू त्यांच्या हातून निसटली. कंठद्वारीय स्फोटक अर्थभेदक असूनही त्याला अक्षर मिळाले नाही व दीर्घ स्वराला खूण मिळाली नाही. तो ध्वनी त्यांना ऐकूच आला नाही, असे म्हणता येणार नाही. को’उ आणि कोउ यांचा गोंधळ टाळण्यासाठी अशा मोजक्या शब्दांत ते वरचा स्वल्पविराम घालीत. याचा अर्थ अडचण त्यांना दिसली होती. परंतु ती अपवाद समजून सोडून देण्यात आली. हवाईयन वाचकांचे यामुळे काही अडले नाही. मराठीत चार आणि चाक यांतील च चे उच्चार निराळे असूनही अक्षर एकच आहे व मराठी माणूस ते वाचताना चुकत नाही. चुकतो तो मराठी पुस्तकावरून शिकणारा परका. हवाईयनमध्ये पुढे असे घडले, की परके असे वाचक म्हणजे त्या लोकांचीच नातवंडे होती.

व्याकरण : वाक्यात क्रियापद प्रथम, नंतर कर्ता व नंतर इतर पदे येतात. उआ हेले के कानाका इ के काहाकाइ (शब्दशः : गेला तो मनुष्य कडे समुद्रकिनारा). नामाला किंवा क्रियापदाला विकार जवळजवळ होत नाही. काळ, कारक व वचन ही बहुधा स्वतंत्र लहान शब्दांनी दाखविली जातात.

सर्वनामे मात्र समृद्ध आहेत. एकवचन, द्विवचन व अनेकवचन अशी तीन वचने असून प्रथमपुरुषात श्रोत्याचा समावेश करणारे व न करणारे असे दोन प्रकार आहेत. इंग्रजीला दुर्बोध वाटणारा हा भेद मराठी वाचकाला आपण आणि आम्ही यांवरून लगेच कळेल : काऽकोउ म्हणजे आपण (सर्व), माऽकोउ म्हणजे आम्ही; काऽउआ म्हणजे आपण दोघे, माऽउआ म्हणजे आम्ही दोघे.

संबंधवाचकाचे दोन प्रकार हे पॉलिनीशियन भाषांचे खास वैशिष्ट्य होय. जे मनुष्य स्वतः मिळवितो, करतो किंवा ज्यावर त्याचा ताबा चालतो, त्यासाठी आ-वर्गाचे रूप आणि जे त्याला आपोआप प्राप्त होते किंवा ज्यात तो वावरतो, त्यासाठी ओ-वर्गाचे रूप वापरतात. अपत्य व अन्न आ-वर्गात, तर आईबाप, शरीराचे अवयव, जमीन, घर व होडी ओ-वर्गात येतात. का’उ कि’इ म्हणजे मी काढलेले किंवा माझ्या मालकीचे चित्र; को’उ कि’इ म्हणजे माझी प्रतिमा. जमीन ही मिळविलेल्या वस्तूंच्या वर्गात न बसता आईबापांच्या वर्गात बसते, ही गोष्ट या समाजाच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदविली आहे.

द्विरुक्ती विपुल आहे. विकि व विकिविकि (भरभर) यांतील दुसरा शब्द होनोलूलू विमानतळावरील बसगाड्यांना दिलेला होता. तेथून तो वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये आपल्या संगणकीय पद्धतीसाठी घेतला व विकी या रूपात सर्वत्र गेला. एका लहान माशाचे हुमुहुमुनुकुनुकुआपुआ’आ (डुकरासारख्या तोंडाचा मासा) हे नाव द्विरुक्तीचे व स्वरान्त अक्षरांचे उत्तम उदाहरण होय.

साहित्य व शब्दसंपत्ती : लेखनापूर्वीचे वाङ्मय वंशावळी, स्तोत्रे, कथा व गीते (मेले) यांच्या रूपाने मुखोद्गत होते. कुमुलिपो या दोन हजारांहून अधिक चरणांच्या सृष्ट्युत्पत्तिगीताची संहिता कालाकाउआ राजाने १८८९ मध्ये छापून घेतली. त्याची बहीण राणी लिलिउओकालानी हिने केलेला इंग्रजी अनुवाद १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. काव्यातील गूढार्थाला काओना म्हणतात. अक्षरांची संख्या थोडी, त्यामुळे समध्वनी शब्द पुष्कळ. या परिस्थितीत श्लेष हा कवितेचा प्राण झाला यात नवल नाही.

बायबलचा संपूर्ण अनुवाद १८३९ मध्ये पुरा झाला. १८३४ मध्ये लाहाइनालुना येथील शाळेतून का लामा हावाइ’इ हे पहिले वृत्तपत्र निघाले आणि तेव्हापासून १९४८ पर्यंत सु. १०० हवाईयन नियतकालिके प्रसिद्ध झाली. त्यांची एकूण पृष्ठसंख्या सव्वा लाखाच्या आसपास भरते. राजकीय वाद, जुन्या कथा, मृत्युलेख व भाषांतरित कादंबऱ्या असा सर्व प्रकारचा मजकूर त्यांत आहे. व्याकरण-कोशांत जर्मन कवी व निसर्गवैज्ञानिक आडेलबर्ट फोन शामिसो याचे व्याकरण (१८३७) आणि लॉरिन अँड्रूज याचा कोश (१८६५) हे प्रारंभीचे महत्त्वाचे ग्रंथ होत.

हवाईयनमधून इतर भाषांत गेलेल्या शब्दांपैकी आलोहा, हुला, लेइ (पुष्पहार) व ’उकुलेले (शब्दशः उडी मारणारी पिसू, एक तंतुवाद्य) हे सर्वपरिचित आहेत. भूविज्ञानाने घेतलेले दोन शब्द महाराष्ट्राच्या संदर्भातही लागू पडतात. ’आ’आऽ म्हणजे खडबडीत, दाणेदार पृष्ठाचा लाव्हा आणि पाऽहोएहोए म्हणजे गुळगुळीत किंवा दोरीसारख्या वळ्या पडलेला लाव्हा. दख्खनच्या पठारावरील बेसाल्टी थरांचे वर्णन व वर्गीकरण याच दोन संज्ञांनी केले जाते.

ऱ्हास : कुकच्या आगमनानंतर बाहेरून आलेल्या रोगांनी हवाईयन लोकसंख्येचा संहार केला. १८३२ च्या गणनेत ती सु. १,३०,००० होती, १८९० मध्ये मिश्रवंशीय धरूनही ती सु. ४०,००० उरली. साखरेच्या मळ्यांवर चीन, जपान, पोर्तुगाल व फिलिपीन्स येथून मजूर आले. प्रारंभी त्यांच्याशी व्यवहार मोडक्या हवाईयनमध्ये चाले. पुढे त्याची जागा इंग्रजीवर आधारलेल्या मिश्रभाषेने घेतली. १८४० च्या राज्यघटनेपासून कायदे व न्यायदान हवाईयनमध्ये होत असले, तरी व्यापार व उच्च शिक्षण यांमुळे शतकाच्या मध्यापासून पालकांचा ओढा इंग्रजी शाळांकडे वाढत गेला होता. ऱ्हासाचे सारे कारण एका कायद्यात शोधणे म्हणून बरोबर होणार नाही.

तथापि निर्णायक आघात कायद्यानेच केला. १८९३ मध्ये राजसत्ता उलथून टाकण्यात आली आणि नव्या प्रजासत्ताकाने १८९६ मध्ये सर्व सरकारी व खाजगी शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम राहील असा कायदा केला. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली. १९०२ पर्यंत हवाईयन माध्यमाची एकही शाळा उरली नाही. शाळेत हवाईयन बोलल्याबद्दल शिक्षा झाल्याच्या आठवणी अनेक वृद्धांनी सांगितल्या आहेत. अशा मुलांनी मोठेपणी आपल्या मुलांशी हवाईयन न बोलणेच पसंत केले. १९२० च्या दशकात विद्यापीठात हा विषय शिकविला जाऊ लागला खरा, पण घरातून गेलेली भाषा वर्गातील पाठ्यपुस्तकातून परत येत नव्हती. १९८० च्या सुमारास जन्मभाषा म्हणून हवाईयन बोलणारे सु. २,००० लोक उरले होते व त्यांत अठरा वर्षांखालील मुले ५० हूनही कमी असावीत, असा अंदाज केला जातो.

नीहाउ या लहान बेटाचा तेवढा अपवाद राहिला. १८६४ मध्ये एका कुटुंबाने हे बेट राजाकडून विकत घेतले व बाहेरच्यांना तेथे जाण्यास मज्जाव केला. त्यामुळे तेथील शेदोनशे रहिवाशांत हवाईयन ही मुलांची पहिली भाषा म्हणून टिकली आणि तिच्याबरोबर जुना तकारही टिकला.

पुनरुज्जीवन : मेरी कावेना पुकुई ही हवाईयन विदुषी व सॅम्युएल एल्बर्ट हा भाषावैज्ञानिक यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हवाईयन-इंग्रजी कोशात कंठद्वारीय स्फोटक व दीर्घ स्वर हे दोन्ही सर्वत्र सुसंगतपणे दाखविले. कोशाच्या इतिहासात याहून उपकारक काम क्वचितच झाले असेल. कारण जन्मभाषिक मंडळी हयात असताना प्रत्येक शब्दाचा उच्चार त्यांत बंदिस्त झाला. कंठद्वारीय स्फोटकाच्या खुणेला ’ओकिना (तोडणे) व स्वरावरील आडव्या रेघेला काहाकोऽ अशी नावे आहेत. १९७० नंतर शाळा, शासकीय कागदपत्रे व रस्त्यांवरील पाट्या यांत या खुणांचा वापर वाढला. १९७२ पासून लॅरी किमुरा यांनी हवाईयनमधून चालविलेल्या नभोवाणी-कार्यक्रमात वृद्ध भाषिकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित झाल्या. पुढील शिक्षकांना त्या फार उपयोगी पडल्या.

१९८३ मध्ये ’आहा पूनाना लेओ (पूनाना लेओ म्हणजे वाणीचे घरटे) ही संस्था स्थापन झाली व १९८४ मध्ये काउआई बेटावरील केकाहा येथे तिची पहिली बालशाळा निघाली. न्यूझीलंडमधील माओरी बालशाळांचा आदर्श तिच्यापुढे होता. सुरुवातीला नीहाउच्या भाषिकांचे साहाय्य झाले. शाळांतील हवाईयन माध्यमावरील बंधन १९८६ मध्ये उठले आणि १९८७ पासून सरकारी शाळांतही असे वर्ग सुरू झाले. १९९९ मध्ये संपूर्ण शालेय शिक्षण हवाईयनमधून घेतलेली पहिली तुकडी बाहेर पडली. हीलो येथील विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाचीही सोय आहे. राज्य शासनाच्या २०१६ च्या अहवालानुसार पाच वर्षांवरील सु. १८,००० लोक घरी हवाईयन बोलत असल्याचे सांगतात. त्यांपैकी बहुतेक ती पुढे शिकलेले असून त्यांचे प्रभुत्व कमीअधिक आहे.

या यशाबरोबर एक नवा प्रश्न निर्माण झाला. नव्या भाषिकांनी हवाईयन मुख्यतः छापील अक्षरांवरून व खुणांवरून शिकली. वृद्ध भाषिक जलद बोलण्यात ज्या ठिकाणी कंठद्वारीय स्फोटक गाळतात किंवा दोन स्वर एकत्र ओढतात, तेथे विद्यार्थी प्रत्येक खूण काटेकोरपणे उच्चारतो. त्याची लय बऱ्याचदा इंग्रजीची असते. उलट नीहाउचे लोक लिहिताना या खुणा सहसा वापरत नाहीत; त्यांना त्यांची गरजच नाही. शाळेतील भाषेला काही वृद्धांनी विद्यापीठी हवाईयन असे नाव दिले. नव्या भाषिकांना यासाठी दोष देणे योग्य नव्हे, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी ऐकण्यासाठी दुसरा आवाज उरलाच नव्हता.

जुन्या वृत्तपत्रांतील मजकुराचे काम या संदर्भात महत्त्वाचे ठरले आहे. २०११–१२ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी या वृत्तपत्रांची पाने संगणकावर टंकलिखित केली व ती सर्वांना वाचण्यास खुली झाली. त्यांच्या मूळ छपाईत खुणा नाहीत. पाउ असे छापलेले दिसले, म्हणजे काम संपले, काजळी धरली, जागा दमट होती की वस्त्र नेसले, हे वाचकाने वाक्यावरून ठरवायचे असते. विशेषनामांच्या बाबतीत वाक्याचाही आधार मिळत नाही. विस्मृतीत गेलेल्या अनेक व्यक्तींची व स्थळांची नावे या पानांत अक्षरशः जशीच्या तशी आहेत, पण ती उच्चारावी कशी हे सांगणारे कोणी राहिलेले नाही. संपादक अशी नावे बहुधा खुणा न घालता, मूळ छपाईप्रमाणेच ठेवतात.